आठ वाजून एक मिनिट

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी पाच मिनिटं टिकत नसे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या वेबसाइटचा डेटाबेस तिच्याकडे होता, आणि तीन आठवडे त्याने तिचा जीव टांगणीला लावला होता. रोज सकाळी आठला डॉक्टरांच्या वेळा खुल्या व्हायच्या, आणि आठ वाजून एक मिनिटाला सर्व्हर मान टाकायचा. तिने मेमरी वाढवली, सेटिंग्ज उलटसुलट केल्या. फरक शून्य. साहेबांनी नव्या मशीनचं पालुपद लावलं होतं.

मंगळवारी सव्वाआठला ती जिन्यात येरझारा घालत असताना आईचा फोन आला.

"अगं, गुडघ्यासाठी वेळ घेतेय, पण तुझं ते पान नुसतं फिरतंय."

"पेशंट नंबर टाकलास का?"

"कार्ड कुठे ठेवलंय देव जाणे. नाव आणि जन्मतारीख टाकली. शेजारच्या काकूही तेच करतात."

भिंगरी थबकली. नंबरावरून माणूस चटकन सापडायचा. नावावरून शोधायला मात्र सर्व्हर बारा लाख नोंदी पहिल्यापासून चाळत बसायचा, कारण नावांचा इंडेक्स, म्हणजे क्रमवार सूचीच नव्हती. तो शोध मंद चालतोय हे तिला दिसलं होतं; पण आठच्या गर्दीत सगळंच मंद असायचं, म्हणून तिने काणाडोळा केला होता. आणि ते पान सहा वर्षांपूर्वी तिनेच बनवलं होतं. कार्ड कोण कशाला हरवेल, असं तेव्हा वाटलं होतं.

दुपारी वर्दळ कमी झाल्यावर तिने इंडेक्स बनवायला घेतला. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ती सहा वेळा पाणी पिऊन आली.

बुधवारी आठ वाजले, आठ वाजून एक मिनिट झालं, तरी सर्व्हर डगमगला नाही. तिने लगेच आईला फोन लावला.

"पान झटकन उघडलं गं. पण चष्मा लावेपर्यंत सगळ्या वेळा संपल्या. काल फिरत होतं तोवर आशा तरी होती."

आईचं नाव डॉक्टरांच्या यादीत आतून घुसवायला कोडची एक ओळ पुरली असती. भिंगरीची बोटं कीबोर्डवर बराच वेळ थांबली. मग तिने हात मागे घेतला आणि तडक साहेबांकडे गेली.

"गुडघ्याच्या डॉक्टरांच्या वेळा वाढवायला हव्यात."

"ते आपलं काम नाही."

"मग कोणाचं आहे ते सांगा. मी जाते."

साहेबांनी सुस्कारा टाकून हॉस्पिटलमधला एक नंबर लिहून दिला. तिने तो दारातूनच फिरवला.