वाफेवरचं घर

साक्रीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं शेतातलं घर. तिथवर विजेचे खांब आलेले नव्हते. माझे यजमान वरणगावला कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि आम्ही इथे राहायला आलो, कारण सासरे, म्हणजे आबा, शेत सोडून यायला तयार नव्हते.

यजमानांनी परसात पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात बॉयलर उभा केला. जाड लोखंडी टाकी, खाली भट्टी, बाजूला एका सिलिंडरचं छोटं इंजिन, त्याला पट्ट्याने जोडलेला ट्रकचा डायनामो. सरपण बाभळीचं आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं. दिवसा भट्टी पेटली की बॅटऱ्या भरायच्या, पंखा फिरायचा. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ त्यांनी पाइपाने आबांच्या खोलीच्या भिंतीतून फिरवली होती. थंडीत ती भिंत कोमट राहायची. आबा तिला पाठ टेकून बसायचे, त्यांचे आखडलेले गुडघे सुटायचे.

"सोलर का नाही बसवत?" येणारा प्रत्येक जण विचारायचा.

"त्यानं दिवे लागतील. भिंत कोण तापवेल?" हे म्हणायचे.

मलाही त्यांनी शिकवून ठेवलं होतं. भट्टी बंद करायची तर आधी निखारे बाहेर ओढायचे, मग वाफ सोडायची. पाणी कमी झालेल्या तापल्या टाकीत थंड पाणी कधीच घालायचं नाही, टाकी फुटते.

पौषातली दुपार होती. मी जेवायला बोलवायला शेडमध्ये गेले. हे सरपणाच्या ढिगाला टेकून बसले होते, मान एका बाजूला. "अहो," म्हटलं. खांद्याला हात लावला, नाकाशी बोटं धरली. श्वास नव्हता. छाती दाबून पाहिली, हाका मारल्या. काहीच नाही.

मग माझी नजर बॉयलरकडे गेली. वाफेचा दाब दाखवणारा काटा तांबड्या खुणेकडे सरकत होता. टाकीची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी अगदी तळाला. भिंतीपलीकडे आबा झोपलेले.

मी उठले. लांब सळईने निखारे ओढले, मातीने दडपले. वाफेची चावी उघडली. एवढा मोठा आवाज झाला की शेजारच्या मळ्यातले लोक धावत आले. ते आले तेव्हा मी काट्याकडे बघत उभी होते. इंजिन हळूहळू थांबलं. कोणीतरी मला धरून खाली बसवलं. डॉक्टर नंतर म्हणाले, मी पोचायच्या आधीच ते गेले होते.

धरणगावहून दीर आले. सगळं त्यांनीच पार पाडलं. बायका मला म्हणत होत्या, रड गं, मोकळी हो. मी मान हलवायची. ताटात वाढलेलं खायची. गुळाचा चहा आहे की साखरेचा, हेसुद्धा कळत नव्हतं.

तेरावं झाल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, ते धूड भंगारात देऊन टाकू. तुम्ही दोघं धरणगावला चला." मी हो म्हटलं. त्यांनी नाही म्हणायला सांगितलं असतं, तरी हो म्हटलं असतं.

ते गाडी ठरवायला साक्रीला गेले. आबा खोलीत बसले होते, पाठ भिंतीला. मला पाहून म्हणाले, "बेटा, बठ्ठं थंडं पडी गयं." भिंतीसकट सगळं गार पडलं होतं.

मी शेडमध्ये गेले. टाकीत पाणी भरलं, नळीत पातळी बघितली, पऱ्हाट्या पेटवल्या, वर बाभळीची लाकडं ठेवली. वाफ धरायला वेळ लागला. इंजिनाचं चाक हाताने फिरवून चालू करावं लागतं. ते मी कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा चाक उलटं सुटलं आणि मनगटाला हिसका बसला. पुन्हा फिरवलं. इंजिनाने वेग धरला.

मला वाटलं होतं, तो आवाज ऐकून तरी रडू येईल. आलं नाही. मी पट्टा नीट बसलाय का ते पाहिलं.

दीर परत आले तेव्हा इंजिन चालू होतं. आबा भिंतीला टेकून पेंगत होते.  दीर चपला काढून शेडमध्ये आले आणि माझ्या हातातलं लाकूड घेऊन भट्टीत सारलं. गाडीचं ते पुन्हा बोलले नाहीत.

आता वस्तीपर्यंत खांब आलेत. दिवे विजेवर लागतात. थंडीत मात्र मी भट्टी पेटवते. मनगट अजून अधूनमधून दुखतं. भीती नाही का वाटत, असं लोक विचारतात.  मी नळीतलं पाणी बघते आणि लाकूड सारते.