हुपरीतल्या काजळीच्या पादुका

मित्राच्या फोनवर एका भिंतीचा फोटो पाहिला आणि शनिवारी सकाळीच पुण्याहून निघालो. चित्रकला कधीच न शिकलेल्या माणसांची चित्रं शोधत हिंडायचं, हे माझं जुनं खूळ.

कोल्हापुरात मिसळ खाल्ली आणि हुपरीची एसटी धरली. तासाभरात पोचता. गावात घरोघरी चांदीचे पैंजण घडवतात. पत्ता विचारला की लोक हातातलं काम न थांबवता मानेनंच दिशा दाखवतात.

फोटोतली भिंत सुशीलाकाकूंच्या घरातली. मागच्या खोलीत ती अख्खी दत्ताच्या पादुकांच्या चित्रांनी भरलेली. चांदी जोडायच्या दिव्याची काजळी आणि बोट, बस्स. एक जोड दुसऱ्यासारखा नाही. मी चाट पडलो.

त्यांचे यजमान बापूकाका घुंगरं जोडत म्हणाले, "रोज एक जोड न्हाय काढला तर घरातलं माणूस जाणार, असं हिच्या डोक्यात बसलतं. झोपायचीच न्हाय. नृसिंहवाडीला दत्ताची सेवा केली, मग कोल्हापूरचा डॉक्टर. आता गोळ्या चालू हायत."

"म्हणजे आता काढत नाहीत?" माझा हिरमोड काही लपला नाही.

"दोन वर्सं न्हाय," काकू म्हणाल्या. "पर भिंत दिसली की हात शिवशिवतोय, झोप उडती. पुसा म्हणते, तर हे हात लावत न्हाईत. रंगारी येतोय, पादुका बघतोय, पाया पडून जातोय."

मी लगेच सुरू झालो. ही जपायला हवी, पुण्यामुंबईची माणसं बघायला येतील, वगैरे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"पावणं, देव मानता?"

"नाही."

"मग तुम्हीच मारा की रंग."

रंगाची बादली कोपऱ्यात तयारच होती. काकूंनी ब्रश हातात दिला. काजळी एका हातात दबत नाही, दुसरा हात मारावा लागला. बापूकाका बाहेर जाऊन बसले. काकू शेवटचा जोड दिसेनासा होईपर्यंत उभ्या होत्या, मग चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाडीला गेलो. घाटावर बसलो, बासुंदी खाल्ली, ती चुकवू नका. देवळात एक बाई स्वतःशीच पुटपुटणाऱ्या आपल्या तरुण मुलीला हाताला धरून प्रदक्षिणा घालत होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आठवड्यानं बापूकाकांचा फोन आला. "झोपती आता," एवढंच म्हणाले. मला फार बरं वाटलं. भिंतीचे फोटो माझ्याकडे आहेत, पण इथं टाकत नाही, घराचा पत्ताही देत नाही. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते मीच पुसलं याचं वाईट वाटतं. काकूंनी पुन्हा ब्रश हातात दिला तर पुन्हा पुसेन.