गुलाबी सिनेमा

चंदनबाईंनी पाहिलेला पहिला सिनेमा गुलाबी होता. तो काळा-पांढरा होता असं बाकीचे म्हणतात, म्हणू देत बापडे.

जामनेरहून लग्न होऊन त्या जळगावात आल्या आणि महिन्याभरात सगळं घर सिनेमाला निघालं. सासरे, सासूजी सुगंधाबाई आणि तीन सुना. सासरे मागच्याच रांगेत, म्हणून सुनांचे घुंघट हनुवटीपर्यंत. नव्या नवरीची, सासूजींच्या मारवाडीत बिनणीची, ओढणी गुलाबी, तेव्हा नायक गुलाबी, त्याचा घोडा गुलाबी, पाऊससुद्धा गुलाबी. मध्यंतरात सासरे चहाला गेले की सुना भराभर घुंघट वर करायच्या. तेवढ्यात पडद्यावर काय, तर साबणाच्या आणि विडीच्या जाहिराती. उघड्या डोळ्यांनी चंदनबाईंनी कितीतरी वर्षं जाहिरातीच पाहिल्या.

त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही. घुंघटाआडून कोण बोललं ते कळत नसे, मग बोलायला काय हरकत होती? नायिका खलनायकाच्या मोटारीत बसायला लागली की चंदनबाई ओरडत, "बसू नको गं बाई, मेल्याची नियत खोटी आहे!" लगेच पुढच्या बाकांवरून खेड्यातल्या बायका साथ देत, "खरं शे माय, उतर खाले!" घरी जेवताना सासरे विचारत, "कोण ती येडी ओरडत होती?" वाढणाऱ्या सुना वरणाच्या पातेल्यात तोंड घालत.

आता चंदनबाई पंचाहत्तरीच्या झाल्या. पुण्याला शिकणारी नात आयुषी सुट्टीत घरी आली आणि तिनं तोच पहिला सिनेमा टीव्हीवर शोधून दिला.

"याचा रंग उडालाय," चंदनबाई म्हणाल्या.

"दादी, रंग नव्हताच त्याला."

"तुला काय माहीत? तू होतीस का तिथं?"

पण रंग जाऊ दे. त्यांना आयुषीला एक प्रसंग दाखवायचा होता. नायिका लेकराला घेऊन माहेरच्या दाराशी येते आणि सख्खा भाऊ दार उघडत नाही. चंदनबाईंना चेहरा धड दिसला नव्हता, पण तिचे ते दाबलेले हुंदके इतक्या वर्षांनीही कानात होते. हल्लीची पोरं सिनेमाला रडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी मॉलमधल्या थेटरात कोणी मेलं तरी शेजारचा पोरगा मक्याच्या लाह्या खात होता. पण इथं आयुषी रडेल. रडायलाच हवी. नाही रडली तर आपण एवढी वर्षं जपलं ते काय, असं त्यांना वाटत होतं.

आयुषी मांडीवर मोबाईल घेऊन बसली होती. "हा माणूस लबाड आहे हे हिला कळत नाही?" "निघण्याआधी कुणाला विचारायचं तरी!" आणि शेवटी, "दादी, दीडपट वेगानं लावू?"

"लाव. मग टीव्हीच बंद करते."

दार आलं. चंदनबाईंनी हळूच नातीकडे पाहिलं. नायिकेनं कडी वाजवली. आत दिवा विझला. ती लेकराला खांद्यावर घेऊन उभी राहिली आणि उभीच राहिली. मागे नुसतं व्हायोलिन वाजत होतं.

"आवाज गेला का गं?"

"नाही, आहे की."

"मग तिचं रडणं?"

"ती रडतच नाहीये, दादी. बघ ना, कोरडी आहे पूर्ण."

चंदनबाई पुढे सरकल्या. आयुषीनं प्रसंग पुन्हा लावला, आवाज वाढवला. बाई दगडासारखी उभी. हुंदका नव्हता, डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"मी ऐकलंय. अगदी जवळून, असं डाव्या कानाशी..." त्या एकदम थांबल्या.

डाव्या हाताला सासूजी बसायच्या.

आयुषीनं मोबाईल पालथा ठेवला. "काय झालं?"

"सासूजींचं माहेर नरडाण्याचं," चंदनबाई सावकाश म्हणाल्या. "आम्ही सुरतेला जायचो ना लग्नांना, तेव्हा नरडाणा स्टेशन आलं की त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या. चहावाला खिडकीशी ओरडत असायचा, तरी वळायच्या नाहीत. आम्ही सुना म्हणायचो, काय बाई ताठा! भाऊ होता तिथं त्यांचा. कधी आला नाही, कधी बोलावलं नाही."

"आणि त्या काही बोलल्या नाहीत? कुणालाच?"

"घरात सात-आठ माणसं. दिवसरात्र उजेड. कुठं बोलतील?"

पडद्यावर ती बाई अजून दाराशीच उभी होती. आयुषीनं ती तशीच थांबवून ठेवली होती.

"त्या दिवशी टांग्यातून घरी येताना मी त्यांना म्हणाले, सासूजी, काय सुरेख रडली हो ती! मला कुठं कळत होतं, नवीन होते."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हो बिनणी. सवय असेल तिला."