मुकादमांनी मिशी काढली

दुसऱ्याचं आजारपण इतक्या हौसेने भोगणारा माणूस सुरतेच्या अख्ख्या उधन्यात दुसरा झाला नाही. आमचे शेजारी, यंत्रमागाच्या लूमखात्यातले मुकादम, स्वतः कधी शिंकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यामुळे प्लेगने सुरत रिकामी केली त्याच्या पुढच्या वर्षी मला कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनी तो हक्काने अर्धा वाटून घेतला. केमोथेरपीचा पहिला डोस घेऊन आलो, तर डॉक्टरांनी उलटीवर गोळ्या दिल्या होत्या आणि मुकादमांनी भरीत आणलं होतं. भरताच्या वासाने गोळीसकट सगळं मोरीत गेलं. पुढे तोंड आलं, पाणीही झोंबू लागलं, तेव्हा हे ठेचा घेऊन हजर. म्हणाले, "काटाघाई काटा निंघस, भो!"

पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, माणसांची गर्दी नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मुकादमांनी प्लेगच्या वेळचा रुमाल तोंडाला बांधला आणि आमच्या दारात खुर्ची टाकली. आत कोणी यायचं नाही, हे ते इतक्या खणखणीत आवाजात सांगत, की काय भानगड आहे ते बघायला आणखी दहा जण जमत. "पहिले यांनाच टाळा," बायको म्हणायची.

तिसऱ्या डोसनंतर केस गेले, भुवया गेल्या, मिशीही गेली. मी आरसा भिंतीकडे फिरवला आणि सांगून टाकलं, आता डोस नको, जे व्हायचं ते होऊ दे. बायको मुकादमांकडे जाऊन रडली. त्यांनी उपदेश केला नाही हे नवलच. सकाळी मला सोबत म्हणून ते डोकं भादरून आले, आणि मिशीही काढून आले. आता आमच्या खानदेशी माणसांत डोकं आणि मिशी एकदम उतरली, की त्याचा अर्थ एकच, जवळचं कोणीतरी गेलं. मुकादमांचे आईबाप तर केव्हाच गेलेले. मग उरलं कोण? खात्यातली पाळी सुटल्याबरोबर मंडळी थेट आमच्या दारावर आली, बायकांनी डोळ्यांना पदर लावलेले, आणि एका म्हातारीने तर नळापासूनच सूर धरलेला. दार मीच उघडलं.

म्हातारीचा सूर तुटला. "आरे, हाऊ ते जिवता शे!" ती म्हणाली, जरा तक्रारीनेच.

मी हसलो. तोंडातल्या फोडांनी जीव नकोसा झाला, तरी थांबता येईना. बायको हसता हसता रडू लागली. मुकादम मात्र उघड्या ओठावर हात धरून शरमेने उभे होते. सगळे पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मंग, डोसले जासूत ना आपन?"

त्या 'आपन'ला नाही म्हणवेना. राहिलेले सगळे डोस त्यांनी उशाशी तसराळं धरून काढले. उलटी मला व्हायची आणि चूळ ते भरायचे.

पुढे खातं बंद पडलं, मुकादम गावी गेले आणि तिथेच वारले. मला ते फार उशिरा कळलं. अजून तपासणीला जातो. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. घरी येतो, शेजारच्या दाराकडे बघतो, आणि आपण एकटेच बरे झालो असं वाटत राहतं.