दगडावरचं मीठ

आत्तीच्या पदराला कायम एक गाठ असायची आणि त्या गाठीत जाडं मीठ. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण, माण तालुक्यात मेंढरं सांभाळणारी. बोलता बोलता गाठ सोडायची, चार खडे तोंडात टाकायची आणि आपण शेंगदाणे खावेत तसे चावायची. आम्ही पोरं तिला मिठाची आत्तीच म्हणायचो.

पाय मात्र तिचे मधूनच गळून जायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे, बोटं वाकडी व्हायची. मग ती जरा टेकायची, मीठ खायची आणि उठायची. एवढं मीठ बरं नाही, असं मी एकदा सुनावलं, तर म्हणाली, "मेंढराला कळतंय त्याला काय पायजे. माझी जीभ काय मेंढरापेक्षा येडी हाय व्हय?" घरामागं एक सपाट दगड होता. संध्याकाळी ती त्यावर मेंढरांना मीठ टाकायची, आणि टाकता टाकता स्वतःही खायची.

मी सांगलीला डॉक्टरकीच्या मुलांना मूत्रपिंड शिकवते. रक्तातलं मीठ गाळलं जाऊन मूत्रपिंडातल्या नळीत उतरतं आणि नळीच्या भिंतीतली बारीक दारं ते परत आत ओढून घेतात. त्या दारातच जन्मापासून खोट असेल तर मीठ लघवीवाटे निघून जातं, मागोमाग पोटॅशियमही जातं, आणि शरीर मीठ मागत राहतं. दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते मी हे. आणि डोळ्यांसमोर आत्ती खडे चावत होती, तर माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचा, बापूचा फोन आला. गावच्या डॉक्टरांना किडनीचं दुखणं वाटतंय, रक्त तपासायला सांगितलंय, म्हणाला. किडनी म्हटल्याबरोबर मी मीठ बंद करायला सांगितलं. रक्ताचं पुढं विचारलंसुद्धा नाही. आठवड्यानं त्याचा परत फोन. घरातलं मीठ लपवलं तर ती दगडावरचं मेंढरांचं मीठ वेचून खातेय, लोकांत लाज वाटते. दगड धुऊन टाक, मी म्हणाले. इतक्या ठामपणे म्हणाले की आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सांगलीला आणली तेव्हा तिला मान उचलवत नव्हती. रक्ताचा रिपोर्ट हातात पडला. सोडियम कमी, पोटॅशियमचं तर विचारूच नका. दरवर्षी फळ्यावर काढते तेच चित्र होतं ते. सलाइन लागलं, डॉक्टरांची पळापळ झाली, मी वेड्यासारखी ज्याला त्याला हात जोडत होते. पण हृदयाचे ठोके काही केल्या ताळ्यावर येईनात. मी तिच्या पायाशी बसून माझी चूक सांगितली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लय शिकलीस गं पोरी. पन मला एकदा इचारायचं हुतं." तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेराव्याला माणमध्ये गेले. दिवस कलताना मेंढरं परतली आणि सवयीनं दगडापाशी जमली. बापूनं दगड खरंच घासून धुतला होता. तरी मेंढरं तो चाटत राहिली. मला ते बघवेना. घरात जाऊन मीठ शोधलं. आईला सापडू नये म्हणून बापूनं ते माळ्यावर, जुन्या घोंगड्यांखाली ठेवलं होतं. ओंजळभर आणून दगडावर ओतलं. आत्तीचं मीठ मेंढरांनी बघता बघता चाटून संपवलं.