मोटारीचा फोन धरून बसलेली तानुबाई

कडूबा आमच्या गावचा पाणीवाला. पंचायतीच्या विहिरीवरची मोटार चालवायची, टाकी भरायची, गल्लोगल्ली पाणी सोडायचं आणि वर गावाच्या शिव्या खायच्या. पंपाच्या जाळीत शेवाळ अडकलं की दोर धरून विहिरीत उतरणाराही तोच. उतरण्याआधी तो मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपटायचा आणि बायकोच्या, तानुबाईच्या, पदराला गाठ मारून बांधायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "हसा लेकहो. माहा जीव हिच्याच पदराले बरा." तो वर येईपर्यंत तानुबाई काठावरून हलत नसे.

भीतीला कारण होतं. मोटारीच्या वायरीचा पाण्यातला जोड जुना. एकदा पट्टी सुटली, मोटार चालू झाली, पाण्यात करंट उतरला आणि विहिरीतले बेडूक उताणे होऊन तरंगले. ते तानुबाईने पाहिलं होतं.

मग मोबाईलवर चालणारा स्टार्टर आला. पंचायतीचा मेंबर म्हणून बुलढाण्याच्या चकरा मारून, टेबलं आपटून तो मी आणला, आणि हे मी छाती काढून सांगतो. पावसापाण्यात चिखल तुडवत मोटारीकडे जाणं संपलं. फोन लावायचा, मोटारच उचलते. आतली बाई सांगते, चालू करायला एक दाबा, बंद करायला दोन. नंबर खरं तर एकट्या कडूबासाठी. पण सरपंचांना मिरवायची हौस! त्यांनी तो पाराच्या भिंतीवर हातभर आकड्यांत रंगवून घेतला. आता लाइन येऊन घरातला पंखा फिरला, की ज्याची घागर रिकामी तो थेट मोटारीलाच फोन लावतो.

आणि स्टार्टर बसवणाऱ्या ठेकेदाराने नव्या पेटीला फ्यूजसकट कुलूप ठोकलं. किल्ली बुलढाण्याला, त्याच्या माणसाच्या खिशात. विचारलं की उत्तर एकच: उद्या येतो.

वैशाखातली दुपार. त्या कुलपाचा फोटो काढून बुलढाण्याच्या साहेबाच्या तोंडावर मारायचा म्हणून मी विहिरीवर गेलो. तानुबाई काठावर. दोर ताणलेला.

"वहिनी, फ्यूज कुठं?"

तिने रिकामा पदर दाखवला. "पेटीले कुलूप. संध्याकाळलोक लाइन येत नाही म्हणे, अन् उतरले. गावात दोन दिसापासून पाणी नाही. लोकं शिव्या देऊन राह्यले भाऊ."

मी तोंड उघडणार, तोच पेटीवरचा हिरवा दिवा लागला.

लाइन आली होती.

मी विहिरीकडे धावलो. वाकून ओरडलो, "कडूबा, वर ये! लाइन आली!"

खालून आवाज घुमला. "येतो! पाय सटकून राह्यला!" पायऱ्या कधीच्या ढासळलेल्या. दोरावर चढायचं, तेही साठीच्या माणसाने.

मी सरपंचांना फोन लावला. उचलेना. गावात किती पंखे फिरले असतील, किती अंगठे मोबाईलवर गेले असतील! मागे वळलो तर तानुबाईच्या हातात तिचा बटनाचा फोन.

"वहिनी, फोन कोणाला लावता?"

"मोटारीले," ती म्हणाली. "मी धरून बसली तं दुसऱ्याचा लागनार नाही."

फोन तिने कानापासून लांब, दोन बोटांत, विंचू धरावा तसा धरला होता. गाल लागला, अंगठा घसरला आणि एकचं बटन दाबलं गेलं, तर खाली नवरा. फोनमधली बाई गोड आवाजात सांगत होती: चालू करण्यासाठी एक दाबा.

मी दगड उचलला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा. कुलूप हलेना. ठेकेदाराच्या सात पिढ्या काढल्या.

"भाऊ, कट झाला!"

काहीच दाबलं नाही की थोड्या वेळाने फोनमधली बाई आपणच फोन ठेवते. तानुबाईने परत लावला. "बिझी येऊन राह्यला. कोनाचा तरी लागला!"

मग मी काय केलं ते मला धड आठवत नाही. कडी तुटली, पेटी उघडली. पहिला फ्यूज उपटला, दुसरा, तिसरा बोटांतून निसटत निसटत हातात आला. तेवढ्यात पेटीत खट् झालं.

मोटार गप्प होती.

आम्ही दोघंही विहिरीकडे बघायला धजत नव्हतो. मग दोर हलला. "वर कोणी हाये का नाही बे?" कडूबा खालून खेकसला.

तो वर आला, काठावर बसला, ओले हात मांडीवर पुसले. पेटीकडे पाहिलं, तानुबाईकडे पाहिलं. त्याचा फोन वाजला. पलीकडे गावातली मंजुळाबाई. "कडूबा, मेल्या, मोटार उचलते, मी एक दाबते, पानी काऊन येत नाही?"

"येते, माय," कडूबा म्हणाला. त्याने फोन खाली ठेवला.

मी फ्यूज त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले, तानुबाईचा पदर ओढला आणि एकेक करून बांधले. गाठ दोनदा तपासली.

पेटीला परत कुलूप लागू दिलं नाही मी. ठेकेदाराचा माणूस आला तेव्हा त्याला तानुबाईपुढे उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "पेटी तुमची. फ्यूज माहे."