काकाजींच्या डावीकडची जागा

इंटरनेटला दम देणारा माणूस मी जगात एकच पाहिलाय, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. तरुणपणी कुहीकडच्या गावोगावी ते खडी गंमत करायचे. लोक भोवती गोल बसलेले आणि हे मधे उभे राहून गाणार, नाचणार, नकला करणार. आता तेच सगळं धरमपेठेतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, मी धरलेल्या मोबाइलसमोर, लाइव्ह. त्यासाठीही डोक्याला फेटा, पायात चाळ आणि तोंडाला पावडर लागतेच. गमतीतून कोणी मधेच उठला, तर गाणं थांबवून त्याची फिरकी घ्यायची ही जुनी रीत. त्यामुळे स्क्रीनवरचा बघणाऱ्यांचा आकडा जरा उतरला, की काकाजी कमरेवर हात ठेवून उभे! "कोन उठला गा? घरी भाजी करपून राहिली काय?" तो परत येईपर्यंत पुढचं कडवं नाही. अशाने बसलेलेही उठतात, हे सांगून मी दमलो.

खरी अडचण ढोलकीची होती. त्यांचे जन्माचे जोडीदार नामदेवराव गुडघे गेल्यामुळे कुहीलाच अडकलेले. ते तिथून मोबाइलवर साथ करायचे आणि थाप इथे उशिरा पोचायची. गिरकी संपवून काकाजी घाम पुसू लागले, की ढोलकी कडाडायची. लोक हसायचे. एका रविवारी मी भर कार्यक्रमात हळूच सुचवलं, ॲपमधली तयार ढोलकी लावू या.

काकाजी भडकलेच. "मले दम लागला तं ते मशीन थांबन काय? नाम्या नसन तं मी गातच नाही. बंद कर तुहा मोबाइल!" आणि खरंच चाळ सोडायला बसले. गाणं सोडलेले काकाजी मला बघवलेच नसते.

तेवढ्यात कुहीहून नामदेवराव ओरडले, "अबे, तू माह्यासाठी थांबू नोको! गात राय. मी पयलेच वाजवतो."

काकाजी कुरकुरत उठले, गाऊ लागले. ते कुठे श्वास घेतात, कुठे उगाच लांबवतात, हे नामदेवरावांना पाठ होतं. त्यांनी न ऐकताच आधी थाप मारली, आणि इथे गिरकी संपायला अन् ती पोचायला एकच गाठ पडली.

काकाजी दचकले. मग गाता गाताच उजवीकडे सरकले. ढोलकीवाला नेहमी त्यांच्या डावीकडे उभा राहायचा, त्याला जागा करून दिली. स्वतः मात्र स्क्रीनबाहेर गेले. "काकाजी दिसून नाही राहिले," लोक लिहू लागले. एरवी मी लगेच मोबाइल फिरवला असता. त्या दिवशी मी तो तसाच धरून ठेवला. स्क्रीनवर हॉलची नुसती भिंत दिसत होती, आणि काकाजी तिच्याकडे बघून खुशीत मान डोलवत होते.